वूडकटचा मधला भाग फिका येतोय? ठोकळा पालथा करून बघा

वूडकट म्हणजे लाकडाचा ठोकळा कोरायचा, उरलेल्या उठावाला शाई लावायची आणि कागदावर छाप घ्यायचा. लक्षण आधी सांगते. ठोकळ्याच्या दोन्ही लांब कडा कुळकुळीत काळ्या उमटतात आणि मधोमध, लाकडाच्या उभ्या धाग्याच्या दिशेनं, एक करडा पट्टा राहतो. शाई वाढवली तर कडेच्या बारीक रेघा बुजतात, पट्टा होता तसाच. दाब वाढवला तर कागदावर कडांचे वळ उठतात, पट्टा होता तसाच. मे महिन्यात याच ठोकळ्यानं स्वच्छ छाप दिलेला असतो आणि जुलैत तो असा रुसून बसतो.

माझ्याकडे हे लागोपाठ तीन पावसाळे झालं. पहिल्या वर्षी मी शाई बदलली. दुसऱ्या वर्षी शाई लावायचा रोलर बदलला, आणि तो काही स्वस्तातला नव्हता. तिसऱ्या वर्षी आमच्या पेठेतल्या सुतारकाकांनी ठोकळा हातात घेऊन पालथा केला, तेव्हा कुठं उलगडा झाला.

चित्र गुऱ्हाळाचं होतं. रात्रीची वेळ, चुलवाणाचा जाळ, काहिलीवर वाकलेले दोन गुळवे आणि वर चढत जाणारी वाफ. १२ बाय १८ इंचाची, पाऊण इंच जाडीची आंब्याची एकसंध फळी; धागा लांबीच्या दिशेनं. काहील नेमकी मधोमध. तिच्यातला रस मी सलग काळा ठेवला होता, त्यावर फक्त फेसाच्या चार-दोन पांढऱ्या कळ्या. छाप निघाला की काहिलीत रसाऐवजी राख भरल्यासारखी दिसायची. माझ्या मावसभावाचं लहानपण गुऱ्हाळावर गेलंय. त्यानं प्रत हातात धरली आणि म्हणाला, "ह्यो रस करपलाय गं." चित्राचं एवढं नेमकं परीक्षण नंतर कुणी केलं नाही.

खरं सांगायचं तर विचारायला माणूसही सापडत नव्हतं. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांचं हे गाव. जलरंगाचं, तैलरंगाचं काही अडलं तर कोल्हापुरात चहाच्या टपरीवरही कुणीतरी सांगेल. लाकूड कोरून छापणारे आपण मोजके. मी चित्रकारांना विचारत बसले आणि सगळे शाईबद्दल बोलत राहिले. बाबूराव स्वतः मेस्त्री घराण्यातले, लाकूड आणि लोखंड दोन्ही हाताखालून गेलेले. एवढं आठवलं असतं तरी मी आधीच सुताराकडे गेले असते.

आधी खात्री करून घ्या

फिका पट्टा दिसला की लगेच ठोकळ्याला दोष देऊ नका. तीन गोष्टी तपासा, दहा मिनिटांत होतात.

प्रेसवर छापत असाल तर ठोकळा ९० अंशांत फिरवून पुन्हा छापा. १८० अंशांत फिरवून उपयोग नाही, कारण मधला पट्टा मधेच राहील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. (मी तेच केलं होतं.) पट्टा ठोकळ्याबरोबर फिरला तर दोष ठोकळ्यात. पट्टा प्रेसच्या जागीच राहिला तर पॅकिंग (छापायच्या कागदामागे दिलेले जादा कागद), ब्लँकेट (दाब सारखा पसरवणारी लोकरी गादी) किंवा प्रेसचा बेड (ठोकळा ठेवायचा सपाट तळ) बघा आणि हा लेख इथंच सोडून द्या.

मग शाई लावलेला ठोकळा खिडकीपाशी न्या आणि डोळे त्याच्या पातळीवर आणून तिरप्या उजेडात बघा. शाई नीट बसली असेल तर सगळीकडे सारखी चमक दिसते. मधला भाग मंद, कोरडा दिसला तर रोलर तिथं टेकलाच नाही. हे मला बरेच दिवस लक्षात आलं नव्हतं. मी समजत होते की शाई सगळीकडे लागतेय आणि दाब कमी पडतोय. पण रुंद, कडक रोलर दोन्ही कडांवर टेकून मधल्या खोलगट भागावरून पुलासारखा पार होत होता. म्हणजे शाईही पोचत नव्हती आणि नंतर दाबही पोचत नव्हता. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच.

तिसरी तपासणी फूटपट्टीची. स्टीलची फूटपट्टी धाग्याला आडवी, कडेवर उभी धरून ठोकळ्यावर ठेवा आणि पलीकडे बॅटरी लावा. खालून उजेड दिसला की बाक आहे. आता तीच पट्टी धाग्याच्या दिशेनं ठेवा. तिथं उजेड दिसणार नाही, किंवा नावाला दिसेल. आडवा उजेड आणि उभा अंधार ही बाकाची पक्की खूण. किती बाक आहे हे मोजायचं असेल तर गॅरेजवाल्यांकडे फट मोजायचं पातळ पात्यांचं फिलर गेज असतं, ते मागा. उद्यमनगरात ते प्रत्येक शेडमध्ये मिळेल. ते नसेल तर साध्या झेरॉक्सच्या कागदाचे तुकडे फटीत सरकवा. ८० जीएसएमचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. माझ्या फटीत अकरा कागद गेले. एक मिलिमीटरहून जास्त! वूडकटमध्ये पाव मिलिमीटरसुद्धा रोलरला चकवायला पुरतो.

पट्टी चारही बाजूंनी टेकते, तरी काळ्यात मिठासारखे बारीक पांढरे ठिपके येतात, असं असेल तर दुखणं वेगळं: कागद जाड-खरखरीत, नाहीतर शाई घट्ट. त्याला ओलसर कागद आणि थोडी पातळ शाई पुरते.

फळी का वाकते

सुतारकाकांनी ठोकळा बघितला तो असा: आधी पुढून नाही, कडेवरून एक डोळा मिटून. मग पालथा करून पाठीवर तळहात फिरवला, नखानं ओरखडा काढला आणि विचारलं, "पुढनं पालिश पाजलंसा, पाठीला काय दिलंसा?"

पाठीला काहीच दिलं नव्हतं. कशाला देऊ? पाठ छापायची थोडीच असते.

"मग रात्री ठेवता कुठं?"

खाली. कडाप्प्याच्या फरशीवर, पाठ खाली, तोंड वर, वर धूळ बसू नये म्हणून जुनं बेडशीट. आमची खोली शुक्रवार पेठेत तळमजल्यावर, पंचगंगेच्या अंगाला. जुलैमध्ये त्या फरशीवर अनवाणी पाय ठेवला की ओलाव्याचा ठसा उमटतो. काका काही बोलले नाहीत, नुसतं फरशीकडे बघितलं.

त्यामागचं कारण असं. लाकूड कापून कितीही वर्षं झाली तरी हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेत आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात साधारण १२ टक्के पाणी असतं; ९० टक्क्यांवर ते २० च्या घरात जातं. पाणी शिरलं की लाकूड फुगतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. धाग्याच्या लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. आडव्या अंगाने पडतो, आणि त्यातही वाढीच्या वर्तुळांना समांतर दिशेनं तो वर्तुळांना काटकोनात होतो त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून फूटपट्टीखाली आडवा उजेड दिसतो आणि उभा दिसत नाही.

माझ्या ठोकळ्याच्या तोंडावर शाईचे थर आणि पॉलिश, म्हणजे दार बंद. पाठ उघडी आणि खाली ओली फरशी. पाठ फुगली, तोंड होतं तेवढंच राहिलं, आणि फळी कौलासारखी वाकली. तोंडाला पन्हळ पडली. एप्रिलमध्ये उलटं कारण असूनही दिशा हीच राहते: पाठ फरशीला टेकलेली, झाकलेली, आणि वरून पंख्याचं कोरडं वारं तोंडाला. तोंड आकसतं आणि पुन्हा पन्हळच. म्हणजे एकाच जागी, एकाच कुशीवर ठेवलेला ठोकळा बाराही महिने त्याच बाजूला वाकायला बघतो.

कडा फिक्या आणि मधला भाग गडद येत असेल तर तुमचं गणित उलटं आहे: तोंडाला पाणी जास्त लागतंय. पाण्याच्या शाईनं छापणाऱ्यांकडे आणि ठोकळा नळाखाली धरणाऱ्यांकडे हे होतं. उपाय तोच, बाजू फक्त बदला.

आत्ता, आज काय करायचं

नियम एका ओळीचा आहे: फुगलेली बाजू वाळवा, खोलगट बाजूला ओल द्या. पण कोरीव तोंडाला मुद्दाम ओल देणं मी टाळते, कारण पाण्यानं धागे उभे राहतात आणि केसासारख्या रेघा जाड होतात. आपल्या बाबतीत पाठच ओली आहे, तेव्हा पाठच वाळवायची. ठोकळा लांब कडेवर उभा करायचा, खाली दोन लाकडी काड्या, पाठ टेबल फॅनकडे, तोंडावर प्लास्टिकचा कागद. तीन-चार तासांनी फूटपट्टी लावून बघायचं. माझा ठोकळा दीड दिवसात जवळजवळ सरळ झाला. फट शून्य झाली की थांबायचं, नाहीतर तो पलीकडे झुकतो.

गच्चीवर उन्हात ठेवू नका. मी ठेवला होता, एक जुना ठोकळा, श्रावणातलं ऊन पडलं म्हणून हर्षानं. अर्ध्या तासात "टक्" असा आवाज आला आणि टोकापासून चार इंच तड गेली. फळीची टोकं तिच्या अंगापेक्षा कितीतरी पट वेगानं पाणी सोडतात; टोक आकसतं, मधला भाग आकसत नाही, आणि ताण निघायला वाट म्हणजे तड. वजन ठेवून दाबून सरळ करण्याचाही मोह आवरा. आणि वाकलेली फळी एचिंग प्रेसखाली (दोन रुळांमधून दाबून छापणारं यंत्र) तर मुळीच घालू नका. ती सरळ होईल, पण दोन तुकड्यांत.

प्रदर्शन चार दिवसांवर आहे आणि वाळवायला वेळ नाही, असंही होतं. शाहू स्मारकचा हॉल मिळायला सहा महिने थांबायचं आणि ठोकळ्यानं नेमकं तेव्हाच अंग टाकायचं, हा अनुभव मला एकटीलाच असेल असं वाटत नाही. अशा वेळी प्रेस सोडा, हातानं छापा. मधल्या भागाला अरुंद, मऊ रबराचा रोलर घेऊन धाग्याच्या दिशेनं वेगळी शाई द्या. पातळ पण चिवट कागद घ्या आणि पाठीमागून लाकडी डावाच्या पाठीनं किंवा स्टीलच्या वाटीच्या बुडानं घोटा. हात खोलगट भागात शिरतो, प्रेस शिरत नाही. जुन्या ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाई यंत्रावर, काम केलेले लोक पॅकिंगची युक्ती सांगतील: फिक्या भागाच्या आकाराचे पातळ कागद, खालचा मोठा, वरचा लहान, असे डोंगराच्या नकाशातल्या रेघांसारखे पायऱ्यांनी चिकटवून छापायच्या कागदामागे द्यायचे. चालतं. पण ठोकळा रोज थोडा हलत असतो, म्हणून कालचं पॅकिंग आज कामाचं नसतं.

पुढच्या ठोकळ्यासाठी

इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खरा इलाज कोरायला बसण्याआधीच होतो.

लाकूड. मी टिंबर मार्केटमधून आंबा उचलला होता, कारण स्वस्त आणि रुंद. आंबा कोरायला वाईट नाही, पण पाणी भरपूर पितो आणि बुरशीचे निळे-काळे डाग लवकर धरतो. साग स्थिर राहतो, मात्र त्याची छिद्रं मोठी आणि हत्यारांची धार तो लवकर मारतो. माझं मत विचाराल तर शिवणीच्या झाडाचं लाकूड. फारशी हलत नाही, धागा एकसारखा, पटाशी लोण्यासारखी नाही पण समजुतीनं चालते. प्लायवुड आडव्या-उभ्या थरांमुळे असं कौलासारखं वाकत नाही; त्याचं दुखणं म्हणजे भिंतीला तिरपं टेकवून ठेवलं की पीळ पडतो, आणि कोरताना अचानक आतलं पोकळ भोक निघतं. एमडीएफला, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीला, धागाच नाही, पण कडेला पाणी लागलं की फुगते आणि परत बसत नाही.

फळी आणली की लगेच हत्यार लावू नका. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत चक्कर टाका, तिथं लाकूड वर्षानुवर्षं मुरायला ठेवलेलं दिसेल. आपल्याला तेवढा धीर नसतो, म्हणून मी वजन करते. फळी खोलीत काड्यांवर ठेवायची, दर रविवारी काट्यावर तोलायची आणि पाठीवर पेन्सिलनं ग्रॅम लिहून ठेवायचे. शिवणीची ही फळी आली तेव्हा १,९४० होती. मग १,८८५, १,८५०, १,८४०, १,८४०. दोन रविवार आकडा हलला नाही तेव्हा रंधा मारला. स्वयंपाकघरातला काटा पुरतो, फक्त घरच्यांना तो परत जागेवर हवा असतो.

मग टोक बघा. फळीच्या टोकावर वाढीची वर्तुळं कमानीसारखी दिसतात. फळी वाळताना ती वर्तुळं सरळ व्हायला बघतात, त्यामुळे झाडाच्या सालीकडची बाजू खोलगट होते आणि गाभ्याकडची फुगीर. मी आता गाभ्याकडची बाजू कोरते. थोडा बाक आला तरी मधला भाग वर राहतो, आणि माझ्या चित्रांत महत्त्वाचं बहुधा मधेच असतं. वर्तुळं टोकावर उभ्या रेघांसारखी दिसणारी फळी मिळाली तर प्रश्नच मिटला, पण तशी रुंद फळी नशिबानं मिळते.

पॉलिश दोन्ही बाजूंना. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, साधं स्पिरिट पॉलिश, पातळ, दोन हात. पाठ, तोंड, चारही कडा, आणि टोकांना तिसरा हात. तोंडावर कोरण्याआधी एक हात द्या, कोरून झाल्यावर खाचांत पुन्हा एक, कारण कोरताना तुम्ही नवीन उघडं लाकूड काढलेलं असतं. जवसाचं तेल लाकूड दिसायला छान करतं, पण हवेतली ओल फारशी अडवत नाही. चपडा अडवतो.

आणि आडपट्ट्या. त्या कशाला, याचं उत्तर काकांनी मला दिलं ते घरातला पाट उलटा करून. पाटाखाली धाग्याला आडव्या दोन पट्ट्या असतात. मी लहानपणापासून त्यांना पाटाचे पाय समजत होते. जेवायला बसणाऱ्याची उंची वाढवायला त्या नाहीत, फळी वाकू नये म्हणून आहेत. जपानी ठोकळ्यांना टोकाला आडव्या पट्ट्या बसवतात त्याही यासाठीच. ठोकळ्याच्या पाठीला तशा दोन लावा, पण खिळे ठोकून किंवा फेव्हिकॉल चोपडून नाही. पट्टीत स्क्रूची भोकं लांबट ठेवा. मधला स्क्रू घट्ट, कडेचे जरा सैल. फळीला रुंदीत वाढायला-घटायला जागा हवी. ती जागा दिली नाही की पट्टी फळी वाकू देत नाही आणि फळी स्वतःला फाडून घेते.

ठेवताना ठोकळा कडेवर उभा, दोन्ही बाजूंना वारं. फरशीवर कधीच नाही.

दोन रंगांचं काम असेल तर

करडा पट्टा दिसतो तरी. रंगीत कामात हेच दुखणं वेगळ्या वेषात येतं आणि आपण त्याला "रजिस्ट्रेशन चुकलं", म्हणजे एका रंगावर दुसरा नीट जुळला नाही, असं म्हणतो. काळ्या रेघांचा मुख्य ठोकळा मेमध्ये कोरला, जाळाच्या लाल रंगाचा जुलैत. कागद जुळवायच्या खुणांच्या खाचा अगदी तंतोतंत, तरी लाल रंग एका कडेला काळ्याबाहेर डोकावतो. लाकडातली ओल एक टक्का वाढली की आडव्या अंगाने फळी सुमारे ०.२ टक्के वाढते. ३०० मिलिमीटर रुंद, मोकळी फळी सहा टक्के ओल प्यायली तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास गेली! लांबीच्या दिशेनं सगळं जुळतं आणि रुंदीच्या दिशेनंच सरकतं, हे दिसलं की खुणांना हात लावू नका. एका चित्राचे सगळे ठोकळे एकाच फळीतून कापा, धागा एकाच दिशेला ठेवा आणि सगळे एकाच ऋतूत कोरा. नाहीच जमलं तर लाल भाग काळ्या रेघेच्या आत थांबवू नका. रेघ जाड ठेवा आणि रंग तिच्या पोटात दोन मिलिमीटर शिरू द्या.

आराखड्यातही थोडी हुशारी करता येते. चित्राभोवती एकसारखी बारीक चौकट काढायची मला फार हौस. ती चौकट म्हणजे बाकाची चुगली करणारी सगळ्यात नामी गोष्ट. रेघा कोरताना पटाशी रेघेपासून बाहेर झुकती ठेवा, म्हणजे रेघेचं बूड रुंद राहतं आणि हातानं जोर देऊन घोटताना ती कलंडत नाही. रुंद सलग काळा भाग धाग्याला आडवा पसरू देऊ नका; मधे पांढऱ्याचे श्वास सोडा.

आणि पीळ पडला असेल तर, म्हणजे चार कोपऱ्यांपैकी एकच वर उचललेला, तर वरचं काहीच लागू पडत नाही. पंखा नाही, पट्टी नाही. माझ्या गुऱ्हाळाच्या ठोकळ्याचं शेवटी तेच झालं. बाक गेला आणि पीळ राहिला. तेव्हा नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मंक आठवला. तो ठोकळा बारीक करवतीनं चित्राच्या आकारातच कापायचा, तुकड्यांना वेगळी शाई लावायचा आणि पुन्हा जुळवून छापायचा. त्याचा हेतू रंगाचा होता, माझी गरज निराळी, पण हिशेब सोयीचा आहे: फळीची रुंदी निम्मी केली की तेवढ्याच पिळात कोपऱ्याची उचल निम्म्यावर येते. वाफेची कड काहिलीच्या काठापासून धाग्याच्या दिशेनं वर जात होती. त्या कडेनं काकांनी करवत घातली. दोन्ही तुकडे आता वेगवेगळे टेकतात, काहिलीतला रस काळा येतो, आणि करवतीची फट वाफेच्या पांढऱ्यात बुडून जाते. फक्त खाली चुलवाणापाशी, जिथं काळं सलग आहे, तिथं केसाएवढी पांढरी रेघ दिसते. ती मी प्रत्येक प्रतीवर बारीक कुंचल्यानं शाई लावून भरते.